प्लॅनवर सीजीची खूणच नाही: लो-विंगचा गुरुत्वमध्य कसा काढायचा?

रिकामी_टाकी

माझ्या मॉडेल विमानाच्या प्लॅनच्या झेरॉक्सवर सीजीची (गुरुत्वमध्याची) खूण उमटलेली नाही आणि मूळ प्लॅन मिळण्यासारखा नाही. विमान कव्हरिंगसकट तयार आहे, फक्त सीजीपाशी अडलंय. मापं अशी:

पंखाची टोकापासून टोकापर्यंत लांबी १४०० मिमी. मधल्या रेषेवर कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २४०, टोकाला १६०. लीडिंग एज (पंखाची पुढची कड) टोकापर्यंत ४० मिमी मागे सरकते. पंखापाशी फ्यूजलाज (विमानाचं धड) १०० मिमी रुंद. लो-विंग (पंख धडाच्या तळाशी), टेलड्रॅगर (दोन चाकं पुढे, एक शेपटीखाली), बाल्सा लाकडाचं बांधकाम. तीन सेलची २२०० एमएएचची बॅटरी (१८५ ग्रॅम) धरून एकूण वजन १५०० ग्रॅम.

प्रश्न दोन. कोणी २५ टक्के म्हणतं, कोणी ३३. नेमके कशाचे टक्के आणि मी कोणते धरू? दुसरं म्हणजे बोटांवर तोलायला गेलं की विमान कलंडतं, आणि दर वेळी वेगळा आकडा येतो. कधी ७८, कधी ९०. यातला खरा कोणता?

गुण्या

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निम्मा गोंधळ त्या एकत्र केल्यामुळे होतो. सीजी कुठे *असायला हवा* हे पंखाच्या आणि शेपटीच्या मापांवरून ठरतं. त्यासाठी विमान बांधलेलं असण्याचीही गरज नाही, कागद पुरतो. सीजी आत्ता कुठे *आहे* हे मोजून कळतं. तोलून बघितल्याने फक्त दुसऱ्याचं उत्तर मिळतं.

मी पहिल्याचं सांगतो. टक्के असतात ते सरासरी एरोडायनॅमिक कॉर्डचे, म्हणजे एमएसीचे. पंख सरळ आयताकृती असेल तर कुठलीही कॉर्ड घ्या, सारखीच. तुमचा पंख निमुळता आहे, त्यामुळे हिशेब करावा लागेल.

टोकाची कॉर्ड भागिले मधली कॉर्ड: १६० ÷ २४० = ०.६६७. याला क म्हणू.

एमएसी = २/३ × मधली कॉर्ड × (१ + क + क²) ÷ (१ + क). तुमच्या आकड्यांनी २०२.७ मिमी.

ही कॉर्ड मधल्या रेषेपासून किती अंतरावर येते? पूर्ण लांबी ÷ ६ × (१ + २क) ÷ (१ + क) = ३२६.७ मिमी.

तिथे लीडिंग एज किती मागे गेलेली असेल? ४० × ३२६.७ ÷ ७०० = १८.७ मिमी.

आता मधल्या रेषेवरच्या लीडिंग एजपासून मागे मोजायचं. २५ टक्के म्हणजे १८.७ + ५०.७ = साधारण ६९ मिमी, २८ टक्के म्हणजे ७५, ३० टक्के म्हणजे ७९.५ आणि ३३ टक्के म्हणजे साडेपंच्याऐंशी.

एमएसी सोडून मधल्या कॉर्डचे २५ टक्के धरले असते तर ६० मिमी आले असते. विमान नाकजड झालं असतं, पण उडलं असतं. खरा धोका उलट्या आकाराच्या पंखात असतो. लीडिंग एज सरळ आणि ट्रेलिंग एज (मागची कड) पुढे येत गेलेली असेल, तर याच कॉर्डसाठी २५ टक्के एमएसी येते ५१ मिमीवर. तिथे ६० धरलंत तर नकळत साडेचार टक्के शेपूटजड.

आकडेमोड नको असेल तर कागदावरही जमतं. अर्धा पंख मापात काढा. मधल्या कॉर्डच्या मागच्या टोकाला टोकाच्या कॉर्डइतकी रेघ जोडा, टोकाच्या कॉर्डच्या पुढच्या टोकाला मधल्या कॉर्डइतकी. दोन्ही नवी टोकं सरळ रेषेने सांधा. ही रेषा दोन्ही कॉर्डचे मध्य जोडणाऱ्या रेषेला जिथे छेदते, तिथली कॉर्ड म्हणजे एमएसी. पंखाला मध्येच कोन असेल, म्हणजे दोन वेगळ्या निमुळतेपणाचे तुकडे असतील, तर प्रत्येक तुकड्याची एमएसी वेगळी काढून क्षेत्रफळाच्या प्रमाणात सरासरी घ्यावी लागते. नजरेच्या अंदाजाने तिथे भागत नाही.

२५ की ३३? दोन्ही बरोबर असू शकतात, कारण खरी मर्यादा ठरवतो न्यूट्रल पॉइंट. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेलं की जी जादा लिफ्ट तयार होते, तिचा परिणाम या बिंदूपाशी जाणवतो. सीजी त्याच्या पुढे असेल तर ती लिफ्ट शेपूट उचलून नाक खाली आणते. सीजी मागे गेला तर तीच लिफ्ट नाक आणखी वर ढकलते. ही लक्ष्मणरेषा. सीजी आणि न्यूट्रल पॉइंट यांच्यात एमएसीच्या ५ ते १५ टक्के अंतर ठेवतात. आडवी शेपूट मोठी आणि लांबवर असेल तर न्यूट्रल पॉइंट मागे जातो आणि ३३ टक्केसुद्धा सुरक्षित ठरतं. शेपूट लहान आणि जवळ असेल तर ३० लाही विमान चंचल होतं. तुमच्या शेपटीची मापं दिलेली नाहीत, म्हणून पहिल्या उड्डाणाला २५ ते २८ टक्के, म्हणजे ६९ ते ७५ मिमी. त्याच्या मागे जाऊ नका.

उलटा_लूप

कलंडण्याबद्दल: लो-विंग सरळ तोलूच नये. पंख खाली, बाकीचं सगळं वजन वर, म्हणजे टेकूच्या वर सीजी. असं विमान कुठल्या तरी एका बाजूला पडणारच. पालथं करून तोला. मग सीजी टेकूच्या खाली येतो आणि विमान झोके घेत आपोआप स्थिरावतं. हाय-विंगला हा प्रश्न नाही, ते सरळच तोलायचं. मिड-विंग मात्र कसंही धरा, त्रासच देतं.

पालथं करताना बॅटरी जागेवर पट्ट्याने घट्ट बांधा आणि कॅनोपी लावा. बॅटरी दोन सेंटीमीटर घसरली तर मोजमाप वाया. आकडा दर वेळी बदलायचं हे एक कारण असू शकतं.

दुसरं कारण बोटं. बोटाचं टोक १५ मिमी रुंद धरलं, तर २०३ मिमीच्या कॉर्डवर ते सात टक्के होतात. म्हणजे ज्या पट्ट्यावरून वाद चाललाय तो सगळा एका बोटाखाली झाकला जातो! ३-४ मिमीच्या दोन गोल काड्या लाकडी ठोकळ्यात उभ्या रोवा आणि वरची टोकं घासून गोल करा. फ्यूजलाजच्या दोन्ही बाजूंना पंखावर मास्किंग टेप लावून ६९, ७२, ७५, ७८ अशा रेघा आखा आणि एकेका रेघेवर टेकवून बघा.

तिसरं कारण, विमान आडवं नसणं. टेकूखाली ४० मिमीवर सीजी असलेलं विमान ५ अंश नाक खाली करून थांबलं, तर खरा सीजी टेकूच्या साडेतीन मिमी पुढे आहे असा अर्थ. 'नाक किंचित खाली असू द्या' हा सल्ला सगळे देतात, पण किंचित म्हणजे किती हे कोणी सांगत नाही. त्यापेक्षा आडवी शेपूट पाणसळीने बघा आणि ती सपाट राहील अशी रेघ शोधा.

ओळंबा

वरचं सगळं ठीक, पण चाकं असलेल्या विमानासाठी काट्याची पद्धत जास्त भरवशाची आहे. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा एक डिजिटल काटा पुरे. काट्याची क्षमता पुरेशी असेल तर आधी आख्ख्या विमानाचं वजन घ्या.

टेबलावर लांब कागदी पट्टी चिकटवा. पुढची दोन्ही चाकं टेबलावर, शेपटीचं चाक काट्यावर. मधे एखादा ठोकळा ठेवून शेपूट इतकी उचला की आडवी शेपूट पाणसळीत येईल. ठोकळा ठेवल्यावर, विमान टेकवण्याआधी, काटा शून्य करा. चाकांना अडण लावू नका, ती मोकळी फिरू द्या. अडवली की विमान आडवा जोर लावतं आणि काटा खोटं बोलतो.

आता तीन ठिकाणांहून ओळंबा सोडा: पुढच्या आसाच्या मध्यावरून, शेपटीचं चाक जिथे टेकतं तिथून आणि पंखाच्या लीडिंग एजवरून. दोऱ्याला नट बांधला तरी चालतो. ओळंब्याचं टोक थरथरायचं थांबलं की कागदावर टिंब करा. ओळंबा अडेल तिथे काटकोनी गुण्या उभा धरून खूण खाली उतरवा. मग विमान बाजूला ठेवून टिंबांमधली अंतरं पट्टीने मोजा. विमानावर टेप धरून तिरकं मोजायचं नाही.

आसाच्या मागे सीजी = शेपटीचा भार × दोन टेकूंमधलं अंतर ÷ एकूण वजन.

पुढचं चाक नाकाखाली असलेल्या विमानात हाच हिशेब उलटा: नाकाच्या चाकावरचा भार घ्या, उत्तर मागच्या आसाच्या *पुढे* येईल.

शेपूट न उचलता, विमान जमिनीवर जसं बसतं तसं मोजण्याची चूक फार होते. टेलड्रॅगर दहा-बारा अंश नाक वर करून बसतं. सीजी आसाच्या १०० मिमी वर असेल तर १० अंशांच्या कलण्याने उत्तर १७-१८ मिमी मागे जातं. विमान शेपूटजड नसतानाही नाकात शिसं भरलं जातं ते यामुळेच.

रिकामी_टाकी

मोजलं. शेपटीचा भार १३० ग्रॅम, टेकूंमधलं अंतर ७८० मिमी, एकूण १५०० ग्रॅम. आस लीडिंग एजच्या १४ मिमी मागे आहे. म्हणजे ६७.६ + १४ = ८१.६?

आणि यात चूक किती धरायची?

गुण्या

ते १४ मिमी तुम्ही कुठून मोजलेत? फ्यूजलाजच्या कडेला दिसणाऱ्या लीडिंग एजवरून मोजले असणार, कारण मधली रेषा फ्यूजलाजच्या आत आहे. माझे आकडे मधल्या रेषेचे आहेत. लीडिंग एज ७०० मिमीत ४० मागे जाते, म्हणजे ५० मिमीत २.९ मिमी. तेव्हा मधल्या रेषेपासून आस १७ मिमी मागे, आणि सीजी ६७.६ + १७ = ८४.६ मिमी. एमएसीच्या भाषेत साडेबत्तीस टक्के.

पंखावर खूण करताना हाच फरक उलटा येतो. ७५ मिमीची खूण फ्यूजलाजच्या कडेला ७२ वर पडेल.

चुकीबद्दल: काटा १ ग्रॅमने चुकला तर उत्तर अर्धा मिमी हलतं. टेकूंमधल्या अंतरात ५ मिमी चुकलात तरी अर्ध्या मिमीच्या आतच. पण आस ते लीडिंग एज हे अंतर जितकं चुकेल, तितकंच्या तितकं उत्तर चुकतं. तेच दोनदा मोजा.

बाल्सामित्र

आता ते पुढे आणायचं. ७५ चं लक्ष्य धरलं तर १० मिमी सरकवायचंय.

आधी बॅटरी. १५०० × १० ÷ १८५ = ८१ मिमी पुढे न्यावी लागेल. मोटर, स्पीड कंट्रोलर आणि फायरवॉल (मोटर जिच्यावर बसते ती फळी) यांच्यामागे तेवढी जागा नसणार. समजा ५० मिमीच जागा आहे, तर सीजी ६.२ मिमी पुढे येतो. उरले ३.८.

सगळे इथे नाकात शिसं घालतात. फायरवॉल सीजीपासून २६० मिमीवर असेल तर १५०० × ३.८ ÷ २६० = २२ ग्रॅम. पण त्याआधी शेपटीकडे बघा. सीजीपासून ७५० मिमी मागे बसलेलं ८ ग्रॅमचं वजन काढलं तर सीजी ४ मिमी पुढे येतो. नाकात २२ घालण्याऐवजी शेपटीतून ८ काढायचे, विमान एकूण ३० ग्रॅमने हलकं राहतं.

शेपटीत ८ ग्रॅम कुठून मिळतील? धातूच्या शेपूटचाकाच्या जागी वाकवलेली पियानो वायर आणि छोटं फोमचं चाक. जाड लोखंडी पुशरॉडऐवजी (सर्व्होपासून शेपटीपर्यंतचा दांडा) कार्बनची नळी, फक्त दोन्ही टोकांना तार. शेपूट चिकटवताना ओघळलेलं इपॉक्सी. एलेव्हेटर (आडव्या शेपटीची हलणारी पट्टी) हलवणारा ९ ग्रॅमचा सर्व्हो, म्हणजे छोटी मोटर, शेपटीत बसवलेला असेल तर तो पंखापाशी आणला की एवढ्याने काम होतं, मात्र मग पुशरॉड लांब होतो आणि त्याचं वजन यात धरावं लागतं. रिसिव्हर पुढे-मागे करून काहीही साधत नाही, तो फार हलका असतो.

शिसं घालावंच लागलं तर फायरवॉलला स्क्रूने किंवा इपॉक्सीने पक्कं बसवा. दुहेरी टेपवर सोडू नका. उन्हात टेप सुटतो, शिसं घरंगळत मागे जातं आणि सीजी हवेतच बदलतो.

उलटा_लूप

या सगळ्यात आडवा तोल विसरू नका. स्पिनरचं टोक आणि शेपटीचा मागचा मध्य असं दोन बोटांवर उचला. एक पंख सतत खाली जात असेल तर दुसऱ्या टोकाला थोडं वजन लावा. टोकाजवळ ३-४ ग्रॅमही पुरतात. हे राहिलं की लूप एका बाजूला झुकतो आणि लोक एलेरॉन ट्रिमशी (पंखावरच्या हलत्या पट्ट्यांच्या बारीक जुळणीशी) झटापट करत बसतात.

शून्य_थ्रॉटल

टेबलावर ठरलेला सीजी पहिल्या उड्डाणापुरता. पुढचं हवेत ठरवायचं.

एलेव्हेटरची हालचाल लो रेटवर (कमी मर्यादेत) ठेवून उडवा, उंचीवर जा, अर्ध्या थ्रॉटलवर सरळ-सपाट ट्रिम करा. मग थ्रॉटल पूर्ण बंद करून ३० ते ४५ अंशांचा उतार द्या आणि स्टिक सोडा. विमान जोरात वर उचललं गेलं तर नाकजड. त्याच रेषेत गेलं किंवा हळूहळू सावरलं तर जवळपास जमलं. उतार आणखी तीव्र करत गेलं तर शेपूटजड, लगेच वर ओढून घ्या. थ्रॉटल बंद करायला विसरू नका. मोटर चालू असेल तर डाउनथ्रस्टचा (मोटर किंचित खाली झुकवलेली असण्याचा) परिणाम मिसळतो आणि तुम्ही भलतंच मोजता. एलेव्हेटरच्या जोडणीत खेळ असेल किंवा पुशरॉड वाकत असेल तरी ही चाचणी फसते, कारण वेगात पृष्ठभाग स्वतःच हलतो. आधी एलेव्हेटर बोटाने हलवून बघा. सर्व्हो न हलता तो एक मिमीपेक्षा जास्त हलला तर आधी ते दुरुस्त करा.

उतरताना जास्त कळतं. एलेव्हेटर पूर्ण ओढूनही नाक वर येत नाही, विमान चाकांवर आपटतं: नाकजड. वेग कमी होताना नाक अचानक वर उसळतं, एक पंख पडतो: शेपूटजड. शेपूटजड विमानाचं एलेव्हेटर इतकं तिखट होतं की स्टिकचा श्वास घेतल्यासारखा हलका स्पर्शही जास्त वाटतो. अशा वेळी ट्रिमशी खेळत बसू नका. थोडा जास्त वेग ठेवून, लांबून, सरळ उतरवा.

सीजी मागे न्यायचा तर एका वेळी २-३ मिमी, आणि प्रत्येक वेळी नव्याने ट्रिम करून मग चाचणी. ट्रिम जुनाच ठेवून केलेल्या उताराच्या चाचणीला काही अर्थ नाही.

डेल्टाप्रेमी

धागा लो-विंगचा आहे, तरी विचारतो. शेपूट नसलेल्या फ्लाइंग विंगला हेच २५ टक्के चालतील का?

गुण्या

मुळीच नाही. शेपूट नाही म्हणजे न्यूट्रल पॉइंट एमएसीच्या २५ टक्क्यांच्याच आसपास असतो. सीजी २५ वर ठेवला की स्थैर्याचं अंतर जवळजवळ शून्य. १५ ते २० टक्के धरा, पहिल्या उड्डाणाला १५ च्या बाजूला, आणि एलेव्हॉन्स (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) दोन-तीन मिमी वर ठेवून सुरुवात करा. मागे झुकलेल्या पंखात एमएसीचा हिशेब टाळताच येणार नाही, तिथे मधल्या कॉर्डच्या टक्क्यांना काही अर्थ उरत नाही. पुढे छोटा पंख असलेलं कॅनार्ड असेल तर हे आकडेही सोडा. त्याचा सीजी बहुतेक वेळा मुख्य पंखाच्या लीडिंग एजच्याही पुढे येतो.

ओळंबा

रिकामी_टाकी, तुमचं विमान इलेक्ट्रिक आहे म्हणून एक गोष्ट कोणी काढली नाही. इंजिनवाल्यांनी मोजताना टाकी रिकामी ठेवावी. टाकी सीजीच्या पुढे असते, इंधन संपत जाईल तसा सीजी मागे सरकतो. आत मुडपणारी चाकं असतील तर ती मिटलेल्या अवस्थेतला सीजी बघा, कारण मागे मुडपणारे पाय वजन मागे नेतात. तुम्हाला एवढंच: बॅटरी बदललीत की काट्यावर पुन्हा ठेवा. १८५ च्या जागी २३० ग्रॅमची, सीजीपासून २०० मिमी पुढे बसणारी बॅटरी घातलीत तर सीजी जवळपास ६ मिमी पुढे जाईल. बॅटरीच्या ट्रेवर दोन्हींसाठी वेगळ्या रंगाच्या रेघा मारून ठेवा.

रिकामी_टाकी

बॅटरी ४५ मिमी पुढे सरकली, शेपटीचं चाक बदलून ९ ग्रॅम निघाले. आता शेपटीचा भार १११ ग्रॅम, एकूण १४९१. आस मधल्या रेषेपासून १७ धरून ७५ येतंय. नाकात काही घातलं नाही.